मुलांसाठी घुमट: बाजारात काय मिळते, त्यातले काय घ्यावे

चतुर्थी तीन आठवड्यांवर आली की म्हापसा, डिचोली, फोंड्याच्या बाजारांत मातीच्या भांड्यांच्या ओळीत घुमटे, म्हणजे गोव्यात आरतीला वाजणारी मातीची तालवाद्ये, दिसू लागतात. मोठ्यांच्या घुमटांशेजारी वीतभर तोंडाची लहानही मांडलेली असतात आणि आईबापांचा हात नेमका तिकडेच जातो. आरतीला पोर नुसत्या टाळ्या पिटते, त्यापेक्षा वाजवू दे काहीतरी! विचार चांगला आहे. पण या लहान घुमटांतली बरीचशी शोभेची असतात: भिंत जाड, मागचे तोंड नावापुरते, कातडे सैल. असले घुमट पहिल्या दिवशी ‘ढब’ वाजते, पाचव्या दिवशी तेही नाही, आणि पोराला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. सहा वर्षांखालच्या मुलाला फायबरचे घुमट द्यावे, त्यावरच्या मुलाला बकऱ्याच्या कातड्याचे, पातळ भिंतीचे मातीचे. रंगवलेले, नक्षीचे, झालर लावलेले लहान घुमट शोकेससाठी ठीक. सोबतीच्या वाद्यांबद्दल पुढे येईलच, पण एवढे आत्ताच सांगतो की एकाच खरेदीत सगळे घेऊ नये.

घुमट म्हणजे दोन तोंडांचे मडके. एका बाजूचे तोंड रुंद, त्यावर कातडे मढवलेले. दुसऱ्या बाजूचे अरुंद आणि उघडे. उजवा हात कातड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर. मागचे तोंड पूर्ण उघडे असेल तर थापेचा आवाज मोकळा येतो, तोंड अर्धे झाकले की सूर खाली उतरतो, आणि झाकलेले तोंड थापेसरशी पटकन उघडले की ‘घुं’ असा घुमारा वर सरकतो. घुमटाची सगळी गंमत त्या डाव्या हातात आहे. म्हणून मुलासाठी घेताना आधी कातडे नव्हे, मागचे तोंड बघा. मुलालाच बाजारात न्या आणि त्याचा तळवा त्या तोंडावर ठेवायला सांगा. तळव्याने ते पुरते झाकले गेले पाहिजे. कडेला खडबडीतपणा असेल तर आठवड्यात तळवा सोलतो. बारीक पॉलिशपेपर फिरवून ती कड घरी गुळगुळीत करता येते, पण तडा असेल तर करण्यासारखे काही नाही. दुसरे माप लांबीचे. रुंद तोंडापासून मागच्या तोंडापर्यंतचे अंतर मुलाच्या कोपर ते मनगट एवढ्या लांबीहून जास्त असेल तर मूल खांदा उचलून वाजवते आणि दोन मिनिटांत दमते.

मातीचे घुमट पारखण्याची रीत मडके पारखण्यासारखीच. एका हाताच्या बोटांवर तोलून धरा आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत नाद आला तर भाजणी नीट झाली आहे. ठप्प आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. कच्च्या भाजणीचे मडके हवेतले पाणी ओढते, गोव्याच्या ऑगस्टमध्ये तर भरपूरच, आणि मग कातडे कितीही चांगले असले तरी आवाज ओलाच राहतो. मग रुंद तोंडाची कड डोळ्याच्या रेषेत धरून बघा. कड एका बाजूला बसलेली असेल तर कातड्याचा ताण सगळीकडे सारखा येत नाही आणि एका बाजूने चुरचुर ऐकू येते. वजनाला साधा नियम: सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात दीड किलोपेक्षा जड काही अडकवू नये.

कातड्याबद्दल थोडे सविस्तर, कारण घोळ इथेच होतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिची शिकार, तिच्या कातड्याची खरेदी-विक्री, सगळे गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘जुने आहे’, ‘आजोबांच्या वेळचे काढून लावले’ असे सांगून कोणी खवल्यांच्या बारीक दाण्यांचे कातडे पुढे केले तर सरळ पुढे चालू लागा. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तो बकऱ्याच्या कातड्यावर वाजणाऱ्या घुमटासकट. घोरपडीचा आवाज येत नाही ही जुन्या वादकांची तक्रार खोटी नव्हे. ते कातडे पातळ आणि चिवट, त्याची टिपेची थाप तीक्ष्ण. पण मुलाच्या हाताला बकऱ्याचेच बरे. थोडे जाड असल्याने चुकीची थाप सोसते.

बकऱ्याच्या कातड्यातही फरक असतो. उजेडाकडे धरून आरपार बघा: सगळीकडे सारखा पिवळसर उजेड दिसला पाहिजे. मध्ये गडद पट्टा असेल तर तो पाठीच्या कण्यावरचा जाड भाग. तिथे आवाज बसका येतो. कडेला डिंकाचे थर वर आलेले, कातड्याला कात्रीचे अर्धवट काप, कडेवरून कातडे दोन बोटेही खाली उतरलेले नाही, ही घाईत मढवल्याची लक्षणे. विक्रेत्याला हमखास विचारायचा प्रश्न एकच: “भाऊ, हे मढवले कधी?” भर पावसात मढवलेले कातडे जानेवारीच्या कोरड्या हवेत आवळून कडेला चिरते. उन्हाळ्यात मढवलेले पावसात सैल पडते, पण ऊब दिली की परत येते. दुसरे परवडले.

ऊब द्यायची कशी यावर घरोघरी वाद आहेत. कागद पेटवून त्यावर घुमट फिरवणे ही मंडळातल्या मोठ्यांची पद्धत. मुलांच्या घुमटाला आणि मुलांच्या आसपास ती नकोच. केस वाळवायचा ड्रायर मध्यम उष्णतेवर, कातड्यापासून हातभर लांब, गोल फिरवत दोन ते तीन मिनिटे. मधूनमधून थाप मारून बघा. आवाज ‘ढब’चा ‘ढुम्’ झाला की थांबा. एका जागी ड्रायर धरून ठेवला की तेवढेच कातडे आवळते, कडेचा डिंक सुटतो आणि तिथून कातडे उचलले जाते. त्यामुळे आरती सातला असेल तर घुमट साडेसहाला उबदार करून कोरड्या पंचात गुंडाळून ठेवावे. दारात, पावसाच्या झोतात ठेवले तर पंधरा मिनिटांत केलेले काम वाया.

आता फायबर. याचा सगळा कारभार नट-बोल्टचा असतो: भांडे फायबरचे, वर तबल्याच्या वादीऐवजी धातूची कडी आणि प्लॅस्टिकचा पडदा. पावसाचा परिणाम जवळजवळ नाही, फरशीवर पडले तरी बहुधा वाचते आणि वजन हलके. उणे एकच, पण ते मोठे आहे: मातीचा घुमारा त्यात नाही. आवाज वरच्या पट्टीत, थोडा डबा वाजवल्यासारखा. घरच्या आरतीत इतर चार मातीची घुमटे असतील तर फायबरचे एक त्यात मिसळून जाते. एकटेच असेल तर उघडे पडते. काही सुधारणा घरी होते. बोल्ट आवळताना समोरासमोरचे दोन घ्या, प्रत्येकी पाव फेरा, मग पुढची जोडी. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळत नेला की पडदा एका बाजूला सुरकुततो आणि कायमचा वाकडा होतो. पडद्याच्या मधोमध आतून कापडी चिकटपट्टीचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा लावला की किणकिण कमी होऊन आवाज थोडा खाली येतो. कडीच्या बोल्टांची टोके बाहेर निघालेली असतील तर त्यांवर रबरी टोप्या घाला. नाहीतर मुलाच्या मांडीवर ओरखडे ठरलेले.

मातीच्या भांड्यावर प्लॅस्टिकचा पडदा डिंकाने चिकटवलेली एक मधली जातही मिळते. घेऊ नका. ताण कमीजास्त करायला बोल्ट नाहीत, ऊब देऊन उपयोग नाही, आणि पडले की फुटते. दोन्हीकडचे वाईट तेवढे एकत्र.

मूल बसून वाजवणार असेल तर घुमटाखाली चुंबळ हवी. जुन्या पातळाची जाड चुंबळ मांडीवर किंवा जमिनीवर ठेवली की घुमट घरंगळत नाही आणि फरशीचा धक्का लागत नाही. उभे राहून वाजवायचे तर गळ्यातला पट्टा सुती आणि किमान दोन बोटे रुंद असावा. बाजारातून येते ती नायलॉनची सुतळी मानेला काचते, आणि घामाने तिची गाठ सरकते. घुमट फुटण्याचे हे एक नेहमीचे कारण.

वाजवायला शिकवताना पहिले तीन-चार दिवस फक्त उजवा हात. मुले सगळा पंजा कातड्यावर आपटून तिथेच ठेवतात, त्यामुळे कातडे थरथरायच्या आत दाबले जाते आणि ‘थड’ असा मेलेला आवाज येतो. तापल्या तव्याला हात लागल्यासारखा तो उचलला गेला पाहिजे. मग कडेची थाप, फक्त बोटांनी. मोकळी थाप ‘धा’, कडेची ‘ना’ एवढे दोन आवाज वेगळे आले की केरव्याचे आठ मात्रांचे ‘धा गे ना ती, न क धी न’ तोंडाने म्हणत वाजवायला हरकत नाही. दादऱ्याचे सहा मात्रांचे ‘धा धी ना, धा ती ना’ मुलांना ऐकायला सोपे वाटते, पण तिनाच्या मोजणीत हात अडखळतो. ते दुसऱ्या महिन्यात. डावा तळवा मात्र घाईने आणू नये. एका थापेवर उघडा, एका थापेवर बंद, अगदी सावकाश, दिवसाला दहा मिनिटे पुरे. मुलाने एकदा तो वर सरकणारा घुमारा स्वतः काढला की मग घुमट काढून घ्यायला तुम्हालाच कष्ट पडतील. मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी नको, कारण कातडी फाटतात ती बहुतेक त्यानेच.

सोबतीला कांसाळे (काशाची मोठी झांज) आणि शामेळ हे तालवाद्य. शामेळ काठ्यांनी वाजते आणि त्याला हाताची चपळाई लागते. आठ-नऊ वर्षांआधी त्याच्या मागे लागू नये. कांसाळे दिसायला सोपे, म्हणून घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या हातात तेच दिले जाते, आणि ती चूक आहे. चांगले कांसाळे काशाचे, म्हणजे साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील; त्याचा नाद बंद खोलीत, कानाजवळ, सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. कामगारांच्या कानांसाठी जो मापदंड वापरतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. आमच्या आरत्या पंधरा मिनिटांत कुठे संपतात! लहानांना हलकी पितळी झांज द्या, दोरीला धरून कडेला कड लावून वाजवायला शिकवा, आणि कांसाळे वाजवणारा मोठा माणूस मुलांपासून चार पावले दूर, शक्यतो दाराकडे उभा करा. मांडीवरच्या बाळाला कानावर घालायचे मफ मिळतात. ते घ्यायला कोणी हसले तर हसू द्यावे.

पेटी घरात असेल तर नवीन काही घेण्याआधी पट्टी तपासा. चार ते सात वर्षांच्या मुलाचा आवाज मध्य सप्तकात पांढरी १ ते पांढरी ६ (पाश्चात्त्य सी ते ए) एवढ्यात सुखाने फिरतो. घरात बायका काळी ४ मध्ये गातात तेव्हा त्यांचा षड्ज (सा) मुलाच्या आवाजाच्या खाली पडतो. मूल मग पुटपुटते किंवा वरच्या सुरात किंचाळते, आणि आपण म्हणतो याला सूर नाही. तीच आरती पांढरी २ मध्ये घ्या, पुरुष खालच्या सप्तकात, मुले वरच्या. षड्जापासून पंचमापर्यंतची सगळी ओळ मुलाच्या आवाजात बसते. बायकांना थोडे जड जाते हे खरे, पण मुलांची आरती म्हणून एक तरी तशी म्हणावी. मोबाइलवर तंबोऱ्याचे अॅप असेल तर तोही पांढरी २ ला लावून ठेवा. पेटीला पावसात दोन त्रास: पट्ट्या फुगून अडकतात आणि भात्याला कसर लागते. कपाटात कपड्यांसाठी झिरोचा दिवा लावतोच आपण. पेटीही त्याच कपाटात, पण भाता उघडा न ठेवता.

चतुर्थी संपली की मुलांना युकुलेले हवे असते. या वाद्याचे मूळ आपल्याला अगदीच परके नाही: १८७९ मध्ये मदेरा बेटावरून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या लहान चार तारी वाद्यापासून ते झाले. आणि मांडो या गोव्याच्या गीतप्रकारात घुमट व व्हायोलिन एकत्र वाजतातच, त्यामुळे घरात घुमटाच्या शेजारी तारवाद्य येण्यात नवल नाही. सोप्रानो २१ इंची, कॉन्सर्ट २३ इंची. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला २१, मोठ्याला थेट २३. तारा पांढरी ५, १, ३, ६ अशा लागतात. पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका बोटाचा (खालच्या तारेचा तिसरा पडदा, म्हणजे फ्रेट), दुसराही एका बोटाचा (वरच्या तारेचा दुसरा पडदा). त्या दोहोंवर काही सोपी बालगीते निभतात. गिटारच्या पोलादी तारांपेक्षा नायलॉन बोटांना कमी झोंबते, हा याचा मोठा गुण.

दुकानात तीन गोष्टी बघा. खुंट्या दातेरी चाकाच्या आहेत की नुसत्या घर्षणाच्या? घर्षणाच्या असतील तर मुलाकडून वाद्य कधीच सुरात राहणार नाही. बाराव्या पडद्यावर दाबून वाजवलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकाचा येतो का? मोबाइलच्या ट्यूनरवर काटा दहा सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) जास्त सरकत असेल तर ते खेळणे समजावे. आणि बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे? तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मुलाचे बोट दुखते आणि दाबताना सूरही चढतो. लाकडाबाबत दुकानदार ‘सॉलिड’चे गुण गातील, गोव्यात पहिल्या वाद्याला प्लायचेच घ्या. अखंड लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) उचलली जाते. प्लाय त्यामानाने गप्प राहते. नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, रोज सुरात लावाव्या लागतात. त्याला बिघाड समजून दुकानात परत नेऊ नये. बंद गाडीत उन्हात ठेवलेले युकुलेले मात्र दुकानदार परत घेणार नाही, डिंक मऊ होऊन घोडी सुटते आणि तो एका नजरेत ओळखतो.

रेकॉर्डर ही शाळांत दिसणारी प्लॅस्टिकची बासरी आम्हाला किमतीच्या मानाने सर्वांत सुरेल वाटते. यामाहाची वायआरएस-२३ जर्मन पद्धतीने बोटे ठेवायची, वायआरएस-२४बी बरोक पद्धतीने. पुढे वाद्य वाढवायचे असेल तर बरोक. मुले जोरात फुंकतात आणि ती किंचाळते, हाच तिचा दोष. गरम चहा फुंकतो तेवढाच वारा लागतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुता येते, भावंडांत वापरायची तर धुवावीच.

राहिला कॅसिओ, म्हणजे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड. आपल्याकडे सगळ्यांना कॅसिओच म्हणतात. परीक्षा एका मिनिटाची: तीन पट्ट्या एकदम दाबा. तिसरा सूर आला नाही तर परत ठेवा. प्राण्यांचे आवाज, लुकलुकते दिवे आणि आवाज कमी करायचे बटणच नाही, असल्या वस्तूवर लिहायला आमच्याकडे जागा नाही.

विसर्जनानंतर घुमट कोरड्या सुती कापडाने पुसून सुती पिशवीत, कातड्याची बाजू वर करून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवड्यात बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या फडक्याने पुसून उन्हात दहा मिनिटे. तेल लावू नये, कातडे कायमचे मऊ पडते. झुरळे आणि उंदीर डिंकाच्या वासाने कड कुरतडतात, म्हणून माळ्यापेक्षा खुंटीवर टांगलेले बरे. कातडे फाटले तर मडके टाकून देऊ नका, नीट भाजलेल्या मडक्यावर पुन्हा मढवून मिळते. फक्त मे संपायच्या आत न्या. चतुर्थीच्या तोंडावर मढवणाऱ्याच्या अंगणात मंडळांच्या घुमटांची रांग असते आणि मुलाचे लहान घुमट त्या रांगेत शेवटी राहते.